वीस मिलिमीटरच्या आत

३ तारीख, सोमवार

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या आयुष्याचे दोन भाग झाले. हजेरीच्या खिडकीपाशी उभा होतो. आतून आवाज आला, "खातं?" मी म्हटलं, "गाळ." तिने वहीतून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. हजेरी लिहिणारी मुलगी रोज दीडशे तोंडं बघत असेल, पण सगळ्यांना बघून अशी हसत नसणार. त्याच्या आधीचं सगळं, म्हणजे दुसऱ्या वर्षात सोडलेलं कॉलेज, तोंडी परीक्षेत सरांच्या टेबलावर आपटलेली टी-पट्टी, बाबांनी तेव्हापासून धरलेला अबोला, हा झाला पहिला भाग. तो संपला.

दुसऱ्या भागाची सुरुवात मात्र चिखलात आहे. मामा या साइटचा मॅनेजर. टेकडी कापून अकरा इमारती उठणार आहेत. कापलेल्या उतारावर पाऊस पडला की माती सुटते आणि खाली जाते, म्हणून परवानगी देणाऱ्या कार्यालयाने अट घातली आहे की माती आणि गढूळ पाणी हद्दीच्या आतच अडवायचं आणि त्या कामावर एक माणूस नेमायचा. तो माणूस मी. मामा म्हणाला, "कॉलेज नाही सांभाळता आलं, चिखल तरी सांभाळ." जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी साइट मला गाळसाहेब म्हणायला लागली होती. नाव मामानेच पेरलं असणार.

४ तारीख, मंगळवार

मुकादमाने लावलेलं गाळकापड बघून डोकं फिरलं. उताराच्या पायथ्याशी खुंट्या ठोकून हे कापड उभं ताणतात. पाणी झिरपून पलीकडे जातं, माती अलीकडे राहते. पण त्यासाठी कापडाची खालची कड वीतभर खोल चरात पुरून वर माती चोपावी लागते. या माणसाने दोनशे मीटर कापड चादर वाळत घातल्यासारखं टांगलंय. खालून मांजर आरामात जाईल. मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "गाळसाहेब, पाणी वरून येणार ना? मग खालून बंद करून काय उपयोग?" दिवसभर कुदळ घेऊन मीच चर खणत होतो, मदतीला माती वाहणारी एक बाई.

दुपारी उताराखालच्या मावशी वर आल्या. त्यांचं तळं आहे, त्यात माशांची पिल्लं वाढवतात. बोटभर झाली की बोटुकली म्हणतात त्यांना. महिनाअखेरीला घेणारे येऊन घेऊन जातात. चाळीस हजार सोडली आहेत म्हणाल्या. मला हाताला धरून खाली नेलं आणि स्वतःचा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला. पाण्यातून तळवा स्वच्छ दिसत होता. म्हणाल्या, "असा तळवा दिसतोय तोवर आपण शेजारी. दिसेनासा झाला की मग आपण कोण ते बघू." गाळ कल्ल्यांत बसतो आणि पिल्लं गुदमरतात.

मी शब्द दिला. अगदी छातीवर हात ठेवून दिला. परत येताना हजेरीच्या खिडकीवरून दोनदा गेलो. दुसऱ्यांदा ती नव्हती.

६ तारीख, गुरुवार

काल संध्याकाळी धो धो पडला. पाऊस मोजायच्या नळकांड्यात सव्वीस मिलिमीटर. या नळकांड्यावर इथे सगळं चालतं. रोज सकाळी आठला त्यातलं पाणी मोजायचं, रजिस्टरात लिहायचं. आकडा वीसच्या वर गेला तर त्या दिवशी मातीचं काम बंद, आणि मी कापड, चर, गाळखड्डा सगळं तपासून दुरुस्त करून घ्यायचं. वीसच्या आत असेल तर तपासणीच्या रकान्यात "लागू नाही" असं लिहायचं. छापील आहे ते, फक्त खूण करायची.

काम बंद म्हटल्यावर सगळी साइट माझ्यावर तुटून पडली. माती वाहणाऱ्या चाळीस बायका फाटकातून परत गेल्या. त्यांना सांगायचं काम खिडकीत तिचं. पोकलेनवाला एवढा चिडला की दात घट्ट आवळून त्याच्या यंत्राभोवती फेऱ्या मारत होता. शेवटी त्याच्याकडूनच गाळखड्डा उपसून घेतला. सगळं वाहून आलेलं पाणी उतारावरून या खड्ड्यात येतं, थांबतं, माती तळाला बसते, वरचं निवळ पाणी नळीतून खाली जातं. मध्ये खांब आहे, त्यावर तांबडी रेघ. गाळ रेघेला लागला की उपसा, एवढं साधं आहे. अर्धा दिवस गेला. उतरताना तो म्हणाला, "खड्डे उपसायला नाही आलो मी इथे."

संध्याकाळी तीच माझ्याकडे आली. आपण होऊन. म्हणाली, नळकांडं त्या झाडाखाली का ठेवलंय, फांद्यांचं पाणी गळतं त्यात, आकडा फुगतो. माझ्या खिडकीसमोर मोकळी जागा आहे. "तिथे लावा. माझंही लक्ष राहील."

माझंही लक्ष राहील! हे वाक्य मी आतापर्यंत बहुधा साठ वेळा मनात म्हटलं.

७ तारीख, शुक्रवार

नळकांडं हलवलं. खिडकीपासून चार पावलं. झाडाबद्दल ती बरोबरच बोलली होती, पुस्तकातही तसंच आहे. कॉलेजात माझ्या वर्गात सत्तर पोरं होती, एकालाही हे सुचलं नसतं.

११ तारीख, मंगळवार

पाऊस ७ मिमी. लागू नाही.

काल रात्रभर छतावर दगड पडल्यासारखा आवाज होता आणि नळकांड्यात सात. घरी आईने मागे बादली ठेवली होती, तिच्यात पट्टी घातली तर साधारण तीस. आई म्हणाली, बादलीत पट्टी काय घालतोस, कपडे धू स्वतःचे. माझ्या विजारींनी तिचा जीव नकोसा केलाय, तेवढं खरं आहे.

ती हल्ली साडेसातलाच येते. हजेरी आठची. अर्धा तास आधी येण्याचं कारण काय असू शकतं? मी पावणेआठला येतो हे तिला माहीत आहे. पोकलेनवाल्याचं घर तिच्या वाटेवर आहे, तो तिला गाडीवरून सोडतो. वरून चिडका दिसतो, पण मनाने चांगला असावा.

१४ तारीख, शुक्रवार

तीन दिवसांत ९, ५, १२. लागू नाही, लागू नाही, लागू नाही.

नळकांडं घेतलं त्या दुकानात गेलो. नळकांडं गळतंय म्हणून भांडलो. दुकानदाराने माझ्यादेखत पाणी भरून तासभर काउंटरवर ठेवलं. थेंब गळला नाही. मग म्हणाला, "ऊन लागत असेल, साहेब, उडत असेल." पावसात ऊन? मी जरा जास्तच बोललो. त्याने पैसे परत न देता मला दाराबाहेर काढलं. माझी चूक होती, पण त्याने "साहेब" असं म्हणताना तोंड वाकडं केलं होतं.

माझा एक सिद्धांत आहे. वारा टेकडीवर आदळून वर उचलला जातो, त्यामुळे थेंब नळकांड्याच्या तोंडावरून तिरके निघून जातात. तिला चित्र काढून समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल हो, वाऱ्याचंच असेल." किती समजूतदार आहे.

मामा खूश आहे. पाठीवर थाप मारून म्हणाला, हल्ली आकडे छान येतात तुझे. जसे काही मी पाडतोय पाऊस.

१५ तारीख, शनिवार

मावशींनी तळ्यावर बोलावून घेतलं. हात बुडवला. मनगटाच्या थोडं वर गेल्यावरच तळवा दिसेनासा झाला.

"हे काय आहे?" म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, रजिस्टरात पाऊसच नाहीये. ओला हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "तुमचं रजिस्टर आणा इथे एकदा, पाण्यात बुडवून बघू तळवा दिसतो का." मला राग आला. पण वर येऊन गाळखड्डा पाहिला. गाळ रेघेच्या चार बोटं खाली. उपसायचा तर पोकलेन लागतो, पोकलेनला आदेश लागतो, आदेशाला वीसच्या वरचा आकडा लागतो. मामाकडे गेलो. तो फोनवर होता. हाताने "नंतर" केलं. नंतर तो निघून गेला.

१८ तारीख, मंगळवार

गाळ रेघेला लागला. १० मिमी. लागू नाही.

पोकलेनवाल्याला सरळ विनंती केली, की बाबा, आदेश नाही तरी दोन तास खड्डा उपसून दे. म्हणाला, त्याचे तास मोजलेले आहेत, महिनाअखेरीला यंत्र दुसऱ्या साइटवर जाणार. आणि आकडा कुठाय? मी वैतागून तिथेच टिकाव फेकला. तिने खिडकीतून पाहिलं. मला वाईट वाटलं, तिच्यासमोर असं नको होतं.

त्याच्याकडे थर्मास आहे, चहाचा. तिच्या टेबलावरही हुबेहूब तसाच आहे. निळा, झाकणावर ओरखडा. बाजारात सध्या हेच मिळत असतील.

आज ठरवलं. पत्र लिहिलं, चार पानं. उद्या साडेसातलाच जाईन, ती एकटी असताना देईन.

१९ तारीख, बुधवार

सात वाजून पस्तीस मिनिटांनी सिमेंटच्या शेडपाशी पोचलो.

ती खिडकीबाहेर उभी होती. नळकांडं उचललं, डोळ्यांपाशी धरलं, तिरकं केलं. बरंच पाणी सांडलं. पुन्हा बघितलं, अजून थोडं सांडलं. मग ओढणीच्या टोकाने बाहेरून पुसलं आणि जागेवर ठेवलं. सगळं कसं सवयीचं. चहा गाळावा तसं.

मी शेडमागेच उभा राहिलो. पत्र खिशात होतं.

आठला गेलो. ८ मिमी. लागू नाही. ती म्हणाली, "आज उशीर?" मी म्हटलं, नाही, रोजच्यासारखाच.

२० तारीख, गुरुवार

९ मिमी. लागू नाही.

रेघ दिसत नाही. गाळाखाली गेली. त्यावर एक-दोन वीत पाणी, तेही चहासारखं.

तिला विचारायचं होतं. गेलोसुद्धा खिडकीपाशी. ती म्हणाली, चहा घेता का? निळ्या थर्मासमधून ओतून दिला. घेतला मी. काय करणार? विचारलं असतं तर तिने मला परत कधी चहा दिला नसता. उद्या नक्की. शिवाय आकाश उघडतंय असं वाटतं. दोन दिवस कोरडे गेले तर पाणी खाली बसेल आणि मी मामाला धरून खड्डा उपसून घेईन, कुणालाच काही कळायचं कारण नाही.

हे लिहिताना माझंच मला हसू येतंय, पण उद्या नक्की.

२१ तारीख, शुक्रवार

११ मिमी. लागू नाही.

नाही विचारलं.

२२ तारीख, शनिवार

गाळखड्ड्याचा बांध फुटला.

पाणी साठायला खड्ड्यात जागाच नव्हती, वर काठापर्यंत गाळ. काल संध्याकाळी जे आलं ते थेट बांधावरून गेलं आणि बांधही घेऊन गेलं. माझ्या हाताने पुरलेलं गाळकापड चिखलाखाली आडवं झालंय, दोनशे मीटर. खुंट्या निम्म्या तळ्यात.

मी खाली गेलो. जायचं नव्हतं, पण पाय गेले. तळं नव्हतंच तिथे. तांबूस पिठल्यासारखं काहीतरी होतं, काठापासून काठापर्यंत, आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा थर. जवळ गेल्यावर कळलं की ती पोटं आहेत. बोटभर लांबीची. मावशी काठावर बसल्या होत्या. हात बुडवला नव्हता. ओरडतील म्हणून मी तयार होऊन गेलो होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही होता ना वर."

नळकांड्यात एकाहत्तर होते. आज तिने हात लावला नव्हता.

२४ तारीख, सोमवार

साइट बंद. तरी ती आली होती, हजेरीच्या वह्या लावत बसली होती. मी दार न वाजवता आत गेलो आणि म्हटलं, मी बुधवारी पाहिलंय.

वाटलं होतं रडेल. किंवा नाकारेल, मग मला ओरडता येईल. तिने वही मिटली.

"मग बुधवारीच का नाही बोललात?"

उत्तर देण्याऐवजी मीच चढ्या आवाजात तिला विचारलं, का केलंस, चाळीस हजार जीव गेले, तुला काही वाटतं का. पहिल्यांदाच तिला एकेरी बोललो, तेही असं. ती म्हणाली, वीसच्या वर आकडा गेला की चाळीस बायका सकाळी चार मैल चालून येतात आणि मी खिडकीतून मान हलवायची. त्यांच्या डब्यांकडे बघत मान हलवायची. तुम्ही तेव्हा खाली कापड बघत असता. आणि एक बंद दिवस म्हणजे पोकलेनचाही दिवस गेला. त्याचे तास महिनाअखेरीच्या आत भरले की आम्ही खोली घेणार होतो.

"आम्ही म्हणजे?"

दोन आणि दोन किती असं विचारणाऱ्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या साइटला माहीत आहे म्हणाली. मग खालच्या आवाजात, "खड्डा इतका भरलाय हे मला नव्हतं माहीत. मला खड्ड्यातलं काही कळत नाही. मला वाटलं, तुम्ही आहात ना तिथे, रोज बघता."

मी म्हटलं, मग माझं काय?

"तुमचं काय?" तिने खरंच न समजून विचारलं.

बाहेर येऊन पत्र फाडायला घेतलं तर ते ओलं होऊन एकाला एक चिकटलं होतं, धड फाटेचना. या साइटवर एक गोष्ट सरळ होईल तर शपथ.

२५ तारीख, मंगळवार

मामा घरी आला. उद्या कार्यालयातून तपासनीस येणार आहेत. मामाने कागद टाइप करून आणला होता: आजवरच्या सर्व नोंदी खऱ्या आहेत, पाऊस कायम मर्यादेत होता, शुक्रवारचा पाऊस असाधारण होता, त्यापुढे कुणाचा इलाज नव्हता. खाली माझ्या सहीची जागा. मी म्हटलं, मामा, नोंदी खोट्या आहेत. तो म्हणाला, "मला काही माहीत नाही. आणि तुलाही नाही. सही झाली की मावशींना काहीतरी देऊन मिटवू, तुझी नोकरी राहील, त्या पोरीचंही राहील." म्हणजे त्याला पोरीचंही माहीत होतं!

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिला भाऊही हवा आहे आणि मीही. तिने फक्त मला पेन आणून दिलं आणि लगेच स्वयंपाकघरात गेली, भांडी जोरजोरात घासायला. मी सही केली नाही. फेकलाही नाही कागद. घडी करून ठेवला. रागाने काही करायचं नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदाच ठरवलं आहे.

मामा गेल्यावर बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. आठ महिन्यांनी माझ्याशी बोलले. विचारलं, "पिल्लं किती होती म्हणालास?"

"चाळीस हजार."

चष्मा काढून टेबलावर ठेवला. वर्तमानपत्र पुन्हा उचललं नाही.

२६ तारीख, बुधवार

आठ वाजता पत्र्याच्या ऑफिसात तपासनीस, मामा आणि मी. भिंतीपलीकडे हजेरीची खोली, मध्ये नुसता प्लायवूड. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणजे ती होती.

तपासनीस वयस्कर, चपलांना चिखल, बोलणं हळू. आधी खाली तळ्यावर जाऊन आले होते. रजिस्टर उघडून एकेका आकड्याखाली नख फिरवत गेले. सात, नऊ, पाच, बारा, दहा, आठ, नऊ, अकरा. म्हणाले, पलीकडच्या धरणावर याच दिवसांत रोज तीस-पस्तीस नोंदलेत. मामा म्हणाला, टेकडी आहे साहेब, वाऱ्याचा परिणाम. माझाच सिद्धांत. मग मामाने टाइप केलेला कागद पुढे सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पेन घेतलं. त्या कागदावर नाही, रजिस्टरातच, शेवटच्या ओळीखाली लिहिलं: वरचे आकडे खोटे आहेत. १९ तारखेपासून मला हे माहीत होतं. १८ तारखेला गाळ रेघेला लागला होता, तो मी डोळ्यांनी पाहिला आणि तरी "लागू नाही" अशी खूण केली. सही, तारीख.

तपासनीसांनी दोनदा वाचलं. विचारलं, "पाणी कुणी सांडलं?"

प्लायवूडच्या पलीकडे काही हललं नाही.

मला तिचा राग होता. अजून आहे. नाव सांगितलं असतं तर निम्मं ओझं तिकडे गेलं असतं आणि पोकलेनवाल्याची खोलीही. पण तिने नळकांडं ओतलं होतं, खड्डा मी पाहिला होता. त्या आकड्यांवर मी रोज चिडलो, आणि रोज त्यांच्याच आड लपलो. तिचं नाव सांगून मावशींना मी काय परत देणार होतो?

म्हटलं, "नळकांडं माझ्या ताब्यात होतं."

"ते नाही विचारलं मी."

"माझ्याकडे एवढंच उत्तर आहे."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. बांध, चर, कापड पुन्हा होऊन तपासलं जाईपर्यंत मातीचं काम बंद, तळ्याची भरपाई कंपनीने करायची, आणि या माणसाला या कामावर ठेवायचं नाही, असं त्यांनी मामाला सांगितलं. या माणसाला, म्हणजे मला. मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताईला तूच सांग." मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तळ्यातला गाळ हाताने उपसावा लागणार आहे, यंत्र तिथे उतरत नाही. मी उद्यापासून तिकडे जाणार. मावशींना अजून विचारलेलं नाही. हाकलतील कदाचित.

दार उघडलं तर पायरीपासून फाटकापर्यंत बायका बसल्या होत्या. डबे मांडीवर, घमेली उलटी ठेवून. साइट आजही बंद असल्याचा निरोप त्यांना कुणीच दिला नव्हता. खिडकी लावलेली होती. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. सर्वांत पुढची, जिच्याबरोबर मी पहिल्या आठवड्यात चर खणला होता, तिने विचारलं,

"गाळसाहेब, आज काम आहे का?"

मागे मामा फोनवर मोठ्याने बोलत होता. त्याचा आवाज बाहेर येत होता.

"नाही," मी म्हटलं, आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.